मागून घेतलेलं पाणी

सरांच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिले. पहिलं वर्षभर मला वाटत होतं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. दुसऱ्या वर्षी कळलं की सर जन्मात कुणाची फिरकी घेत नाहीत, जे बोलतात ते मनापासून बोलतात. मग मला जास्त भीती वाटायला लागली.

खोली बघायला गेले तो दिवस अजून आठवतो. खराडीतल्या माझ्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर, उंच इमारतींच्या मागे दडलेली एक गल्ली. दहाबारा घरं, त्यातला एक बैठा बंगला, त्यावर नंतर चढवलेली एक खोली, मागे विहीर आणि मागच्या भिंतीपलीकडे ओढा. मी नळाला पाणी किती वाजता येतं, गॅस कुठे ठेवायचा, असलं काहीबाही विचारत होते. सरांनी चष्मा पुसला आणि माझ्यापुढे करारनामा ठेवला. अकरा महिन्यांचा करार सगळीकडेच असतो, पण या कराराला पुरवणी होती. पुरवणीचं नाव होतं, ‘आवाज, वास, धूर व ओल’.

त्यात लिहिलं होतं की वरच्या मजल्यावरचा पाट सरकवण्याचा आवाज खालच्या मजल्याच्या हद्दीत शिरल्यास ते अतिक्रमण समजले जाईल. ठीक आहे, घरमालक असतात तसे. पण पुढचं कलम वाचून मी दोनदा वर बघितलं. ‘घरमालकास खोकल्याचा जुनाट विकार असून सदर खोकला वरच्या मजल्यापर्यंत पोचतो. भाडेकरूने त्याबद्दल आपली अट कळवावी.’

“अट म्हणजे काय, सर?”

“खोकला माझा, कान आपले,” सर म्हणाले. “माझी वस्तू आपल्या हद्दीत येणार. परवानगी आपण फुकट कशाला द्यायची?”

मी कराडची. आमच्याकडे म्हातारं माणूस खोकलं तर पाण्याचा तांब्या आणून देतात, कलम लावत नाहीत. मी म्हटलं, “औषध घ्या, एवढीच माझी अट.” त्यांनी ती तिथल्या तिथे पेनाने लिहून घेतली, खाली दोघांच्या सह्या केल्या. पुढे चार वर्षं दर महिन्याला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेली असायची. करार पाळला जातोय याचा पुरावा म्हणून.

सर तीस वर्षं पेठेतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. घरी आता एकटेच असत. बायको मुलीकडे बेंगळुरूला राहायची आणि सर सांगायचे, “त्यांनी तो निर्णय स्वेच्छेने घेतला आहे.” स्वेच्छा हा त्यांचा आवडता शब्द. दुसरा आवडता शब्द मालक. आणि नावडता शब्द एकच, सार्वजनिक. हा शब्द कुणी उच्चारला की सरांच्या नाकपुड्या अशा फुलायच्या, जसं काही बाजूने कचऱ्याची गाडी गेली.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. ज्याला मालक नाही, त्याला वाली नाही. हवा घाण का, तर तिला मालक नाही. टेकडी उघडीबोडकी का, तर तिला मालक नाही. एकदा आम्ही रिक्षाने नदीवरच्या पुलावरून चाललो होतो. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला आणि सहज म्हणाला, “काय हाल केलेत नदीचे. आई म्हणायचं आणि असं वागायचं.” सर मागून पुढे झुकले. “आई म्हणता म्हणूनच हाल आहेत. आईचे हाल घरोघरी बघतोच आपण. नदीला एखादा खडूस मालक असता, तर तुमची बिशाद होती का तिच्यात काही टाकायची?” रिक्षावाला घाबरून म्हणाला, “मी नाही टाकलं हो काही.” सर म्हणाले, “बघा. टाकणाराही सापडत नाही.”

आता खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते, आणि हाच त्यांचा त्रास होता. एका पावसाळ्यात गल्लीतल्या तरुण मंडळाने रस्त्याच्या कडेला सात रोपं लावली. फोटो काढले, वडे झाले. सर प्रत्येक रोपापाशी थांबून विचारत होते, “हे कुणाचं?” पोरं उत्साहात म्हणायची, “सगळ्यांचं, सर!” आणि सर म्हणायचे, “मग गेलं बिचारं.” दिवाळीपर्यंत सहा गेली. सातवं टिकलं ते गॅरेजवाल्या शेखचाचांच्या दारासमोरचं, कारण चाचांचा गैरसमज झाला होता की ते त्यांनाच दिलंय. त्यांनी त्याला जाळी केली, शेळी आली की हाकलली. तेव्हापासून सर गॅरेजवरून जाताना हात वर करून चाचांना “काय मालक!” म्हणायचे. चाचांना वाटायचं, सर गाडी घेणार आहेत.

दर शनिवारी सर दोन बस बदलून मंडईत जायचे. खराडीत भाजी मिळत नाही असं नाही, पण मंडई हे त्यांचं देऊळ होतं. कुणी हुकूम सोडत नाही, कुणी नियोजन करत नाही, आणि तरी अख्ख्या शहराच्या पोळीबरोबर भाजी पोचते, हा त्यांना रोजचा चमत्कार वाटायचा. एकदा मला दाखवायला घेऊन गेले. गवारवाली म्हणाली, “घ्या सर, तुमच्यासाठी कमी लावते.” सर एकदम ताठ झाले.

“माझ्यासाठी का? मी कोण आपला?”

“अहो, नेहमीचे तुम्ही.”

“भाव गवारीचा असतो, माणसाचा नसतो. जो आहे तो लावा.”

तिने पूर्ण भाव लावला, पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, “ताई, ह्यांना उन्हाचं आणत जाऊ नका.”

आता आजी. आजी समोरच्या घरात राहायची. आमची गल्ली, मागच्या इमारती, माझं ऑफिस, ही सगळी एके काळी आजीच्या घरची आणि तिच्या भावकीची ज्वारीची शेतं होती. शेतं गेली, टॉवर आले. सरांनी पार पूर्वी, इथे रस्ता नव्हता तेव्हा, आजीच्या मुलाकडून हा तुकडा विहिरीसकट विकत घेतला होता. आजीपाशी उरलं होतं राहतं घर, एक म्हैस आणि आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. सगळी गल्ली तिला आजी म्हणायची. सर सत्तरीचे, त्यामुळे ते तिला बाई म्हणत आणि ती त्यांना मालक म्हणे. ती ते कशी म्हणायची हे लिहून दाखवता येणार नाही. मालक या शब्दात ती एक चिमूट मीठ जास्त टाकायची एवढंच सांगते.

आजीच्या बंबाचा धूर सकाळी सरांच्या खिडकीत यायचा. सरांनी रीतसर नोटीस लिहिली, की आपला धूर माझ्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करतो. ती आजीला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आजीने शांतपणे ऐकलं आणि सरांना हाक मारली.

“मालक, धूर माजाच हाय म्हंता न्हवं?”

“आपलाच आहे.”

“मग धरून ठिवा. सांच्याला न्यायला येते.”

असं उत्तर सरांना तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. ते हरखून गेले. दोघांनी ओट्यावर बसून तह केला. आजीने बंब सहा ते सातच पेटवायचा आणि त्या वेळात सरांनी घरात नसायचं. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा, सर या वयात रोज तासभर फिरायला जातात. सर तब्येतीसाठी नव्हे, करारासाठी फिरत होते, हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

पण सरांच्या वेडाचा खरा दरबार भरायचा विहिरीवर. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही आली तर. तेव्हा सगळी गल्ली सरांच्या विहिरीवर यायची. सरांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. अट एकच. प्रत्येक वेळी विचारायचं. “पाणी घेऊ का?” असं मोठ्याने म्हणायचं, सर खिडकीतून किंवा ओट्यावरून “घ्या” म्हणणार, मग पोहरा सोडायचा. सर आंघोळीला गेले असले तर बादल्या घेऊन उभं राहायचं. शनिवारी सर मंडईत असले तर दुपारपर्यंत पाणी नाही.

याचं कारण म्हणजे वहिवाट. एखादी वाट किंवा एखादं पाणी तुम्ही वर्षानुवर्षं न विचारता वापरत राहिलात, की तो तुमचा हक्कच होऊन बसतो, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि सर तिला सापासारखे भ्यायचे. “आज विचारलं नाही तर उद्या विचारणार नाहीत,” ते मला म्हणाले, “आणि परवा विहीर सार्वजनिक.” त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

आजी रोज हंडा घेऊन यायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची, “मालक, घ्यू का वो?” सर “घ्या” म्हणायचे. मला ते कधी बरं वाटलं नाही. ती विहीर आजीच्या सासऱ्याने खणलेली. मी एकदा धीर करून सरांना बोलले. ते म्हणाले, “हक्काचं पाणी माणूस सांडतो. मर्जीचं पाणी जपून नेतो.” वाक्य ऐकायला इतकं छान होतं की मी गप्प बसले. चांगलं वाक्य ऐकलं की मी नेहमी अशीच फसते.

बाकी विहिरीला सर जपायचे मात्र पोटच्या पोरीसारखं. दरवर्षी गाळ काढायचा, वर जाळी, जवळ कपडे धुवायचे नाहीत, निर्माल्य टाकायला आलेल्याला ते कंपाउंडबाहेर सोडून यायचे. भिंतीपलीकडे ओढा काळा वाहायचा, अलीकडे विहिरीत तळ दिसायचा. घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीपाशी नेऊन दोन्ही दाखवायचे. “हे बेवारस. हे मालकाचं. आता मला आणखी काही शिकवायचं राहिलेलं नाही.” तीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं त्याचा जिवंत पुरावा त्या विहिरीत होता, आणि सर त्या पुराव्यावर जगत होते.

आणि एका मार्चमध्ये विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला.

पहिल्यांदा सगळ्यांनी आपापल्या हंड्यांना नावं ठेवली. मग आजी आजारी पडली. पंधरा दिवस तिचं पोट काही थांबेना, चालताना भिंत धरायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? ती म्हणाली, “हिरीचं. लगीन झाल्यापासनं तेच पिते.” डॉक्टर म्हणाले, बंद करा. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते, ती थांबली. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी चार टॉवरांची एक मोठी सोसायटी झाली होती. त्यांचंच सांडपाणी ओढ्यात येतं आणि ओढ्यातून विहिरीत झिरपतं, यावर गल्लीचं एकमत झालं. शेखचाचांच्या गॅरेजात महापालिकेला द्यायचा अर्ज तयार झाला. सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनी केली नाही.

“का, सर?” मी विचारलं. “विहीर तर तुमची आहे.”

“म्हणूनच. माझी विहीर, माझं भांडण. अर्ज म्हणजे सगळ्यांनी मिळून कुणाशीच न बोलणं. मी सरळ त्यांच्याशी बोलणार.”

आणि खरंच, इस्त्रीचा शर्ट घालून ते सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. चेअरमन चाळिशीचा, कुठल्याशा कंपनीत वरच्या हुद्द्यावर, बोलायला गोड. “सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, आमचा ट्रीटमेंट प्लांट फुल्ली ऑपरेशनल आहे. आणि ओव्हरफ्लो पहिल्यापासून तिथूनच जातो. कधीच कुणी ऑब्जेक्शन घेतलं नाही.”

“घाण सोडण्याची वहिवाट नसते,” सर कडाडले.

“ओके, पण तुमच्या विहिरीत येतं ते आमचंच, हे प्रूव्ह तर करा.”

मी सॉफ्टवेअरमधली टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधणं हा माझा धंदा. त्यामुळे मला राहवलं नाही. मी म्हटलं, “रंग टाकून बघू या. कुठून टाकला आणि कुठे निघाला, कळेल.” रंगपंचमी नुकतीच झाली होती, आजीच्या फळीवर नातवंडांचे उरलेले रंग होते. सरांचे डोळे चमकले. चेअरमनही म्हणाला, येईन.

परत येताना माझ्यातली टेस्टर पुन्हा बोलली. कामात आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, जिथे चूक नाही अशी खात्री आहे तेही तपासायचं. मी म्हटलं, “सर, लाल रंग सोसायटीच्या चेंबरमध्ये टाकू. आणि हिरवा आपल्याकडे, माझ्या बाथरूममध्ये. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको.” सर खूश झाले. “अलबत! न्याय दोन्ही पारड्यांत.” ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला किती अभिमान वाटला होता. अजूनही आठवलं की जीभ चावते.

रविवारी सकाळी सोहळा झाला. चेअरमन ट्रॅकपँटमध्ये आला. सोसायटीच्या माणसाने चेंबरमध्ये लाल रंग ओतला, तशी फोनवर खबर आली. मी वर जाऊन हिरव्या रंगाची अख्खी बादली ओतली, वर चार बादल्या पाणी. मग सर, चेअरमन आणि मी भिंतीपलीकडे ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिलो. आजी अशक्त होती, ती विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली.

अर्धा तास गेला. चेअरमन घड्याळ बघायला लागला. आणि वळणावरून लाल पाणी आलं. गढूळ, पण लालच. चेअरमनचा चेहरा पडला. सरांनी शर्टाची बाही सारखी केली, घसा खाकरला, आणि वर्गात पहिल्या तासाला म्हणत असतील तशा सुरात म्हणाले, “तर, आता आपण मालकीहक्काचा मुद्दा घेऊ.”

तेवढ्यात भिंतीआडून आजीची हाक आली. “मालक, हिकडं या. हिरवं आलंया.”

आम्ही धावत गेलो. विहिरीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर हातभर, दोन दगडांच्या सांध्यातून एक बारीक हिरवी रेघ उतरत होती आणि खाली पाण्यात पसरत होती. माझ्या बाथरूमचा पाइप विहिरीला खेटून मागच्या सांडपाण्याच्या टाकीकडे जायचा. तो जमिनीखाली कुठेतरी फुटला होता, कधीचा कोण जाणे. म्हणजे हिशेबाने बघायला गेलं तर आजीचं पोट मीच बिघडवलं होतं, रोज दोन वेळा, साबण लावून. लाल रंगाचा विहिरीत टिपूससुद्धा नव्हता.

पहिल्यांदा चेअरमनला कंठ फुटला. “सर, विहीर तुमची, पाइप तुमचा, पाणी तुमचं. तुमच्या थिअरीप्रमाणे तर हा इश्यूच नाही. ओनर आपल्या प्रॉपर्टीचं काहीही करू शकतो ना?” एवढं बोलून तो निघून गेला. त्याच्या लाल पाण्याचं पुढे गल्लीच्या अर्जावरून व्हायचं ते झालं, पण त्या वेळी सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते हिरव्या रेघेकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबर बोलावला, जमीन उकरली, पाइप बदलला, विहीर उपसायला माणसं लावली. तीन आठवडे मी आजीकडे आंघोळीला जात होते. सगळं नीट होत होतं, सर मात्र बिघडत चालले होते. जेवत नव्हते. मंडई दोन शनिवार बुडाली. ओट्यावर बसून एकच गोष्ट घोळवत होते. एक दिवस मला म्हणाले, “त्या गृहस्थाचं म्हणणं बिनतोड आहे. मी माझ्या विहिरीत घाण केली. माझ्यावर फिर्याद करणार कोण?”

“सर, झालं ते चुकून झालं.”

“आजारी त्या पडल्या. चूक माझी. आणि माझ्या सगळ्या पुस्तकांत त्यांना माझ्याविरुद्ध बोलायला एक ओळ सापडत नाही.”

मग ते फिर्यादी शोधायला निघाले. हात जोडून सांगते, यात मी काही वाढवलेलं नाही. शेखचाचांकडे गेले, म्हणाले, मला जाब विचारा. चाचा म्हणाले, “जाने दो सर, हो जाता है,” आणि चहा मागवला. सर चहा न घेता परतले. दुसरा एक शेजारी म्हणाला, इतकी वर्षं फुकट पाणी दिलंत, तुम्हाला काय बोलायचं? जिथे जावं तिथे लोक त्यांना माफ करत होते आणि प्रत्येक माफीबरोबर सर इंचभर खचत होते.

शेवटी आजीकडे गेले. मी आजीकडे केस पुसत उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

“बाई, मला बोला. तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला.”

“मी कशी बोलू?” आजी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. “मी मागून प्याले. धर्माच्या गाईचं दात कुनी मोजतंय व्हय? तुमी ‘घ्या’ म्हनला, म्या घेतलं. हक्क आसता तर बोलले आसते.” तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. “लई बोलले आसते.”

सर उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं, आता ते एखादं चांगलं वाक्य बोलतील. ते वळून घरी गेले. मला त्यांची फार दया आली आणि त्याच वेळी असंही वाटलं, की बरं झालं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि एक कागद टाइप करायला सांगितला. पुरवणी नाही, कलमं नाहीत. चारच ओळी होत्या. मी टाइप करताना दोनदा विचारलं, “सर, नक्की?” ते म्हणाले, “स्वेच्छेने.” नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद छापून आणला आणि दुसऱ्या दिवशी, विहिरीत नवं स्वच्छ पाणी चढलेलं असताना, आजीला तिथे बोलावलं. पाणी वर आल्याचं बघायला अर्धी गल्ली जमली होती.

“वाच, पोरी,” आजी मला म्हणाली.

मी वाचलं. या विहिरीच्या पाण्यावर समोरच्या घरच्या बाईंची आणि गल्लीतल्या सर्व घरांची पूर्वापार वहिवाट आहे. पाणी नेण्यासाठी कुणाला विचारण्याची गरज नाही. ते पाणी स्वच्छ राखणं माझ्यावर बंधनकारक आहे. कसूर झाल्यास वहिवाटदारांना जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. खाली सरांची सही.

“म्हंजी आता इचारायचं न्हाई?”

“नाही.”

“आन मी काय बी बोलले तर चालतंय?”

“हक्कच आहे आपला.”

आजी दोन इयत्ता शिकलेली. तिने माझ्याकडून पेन घेतलं, एकेक अक्षर लावत सही केली, कागदाची घडी घालून कमरेला खोचली. मग पदर खोचला. आणि तिने तोंड उघडलं.

“आता आयक, मास्तर. ह्यो येकेक दगूड माज्या सासऱ्यानं पाठीवर आनला. सासू नववा म्हैना लागंस्तवर मातीची पाटी वर-खाली करत व्हती. त्या हिरीवर मला तू ‘घ्या’ म्हनायची वाट बगाय लावलीस? तू आंघुळीला बसनार तासतासभर आन मी हितं हंडा घिऊन हुबी! माज्या धुराला नोटिसा धाडतूस, आन सोताच्या मोरीचा पत्त्या न्हाई तुला? लाज न्हाई वाटली? मरनाच्या दारात नेलंस की मला!”

इतक्या वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. आजी थांबायला तयार नव्हती. विहिरीवरून ती जमिनीवर आली, जमिनीवरून मुलाने केलेल्या व्यवहारावर, तिथून ओट्यावर पेपर वाचत बसणाऱ्या माणसांच्या एकूण जातीवर. सर मान खाली घालून, हात पुढे बांधून ऐकत होते. सत्तरीचा माणूस किती वेळ उभा राहणार, म्हणून मी घरातून खुर्ची आणून त्यांच्यापाशी ठेवली. आजीलाही आता धाप लागली होती, तिने बोलता बोलता एक हात कठड्यावर टेकला.

सरांनी ती खुर्ची उचलली आणि नेऊन आजीच्या मागे ठेवली.

“बसून बोला, बाई,” ते म्हणाले. “अजून बरंच राहिलं असेल.”